पियानोला मींड नाही, तरी तो गातो

फ्रेडरिक शोपाँ हे नाव हॉस्टेलमध्ये फार जणांना ठाऊक नसेल, पण त्याची एक धून कुठे ना कुठे कानावरून गेलेली असते. नाव 'नॉक्टर्न, ओपस ९, क्रमांक २'. एखाद्या स्पेअर पार्टचा नंबर वाटतो ना? ओपस म्हणजे छापलेल्या रचनेचा अनुक्रमांक आणि नॉक्टर्न म्हणजे रात्रीचे गीत. हा प्रकार आयर्लंडच्या जॉन फील्डने १८१२च्या सुमारास रूढ केला. पोलंडच्या शोपाँने ही रचना ऐन विशीत केली, १८३२मध्ये ती छापली गेली. एकट्या पियानोवर जेमतेम साडेचार मिनिटे. शब्द नाहीत, तरी गाणेच!

मी शिरूर कासारचा. आमच्याकडे सूर म्हणजे सप्ताहातली पेटी. गावच्या एका पेटीवाल्या काकांना ही धून ऐकवली तर म्हणाले, "नुसते ठिपके पडायलेत, सूर कुठंय?"

तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पेटीचा सूर भात्यात हवा असेतो टिकतो. पियानोचे तसे नाही. गावाच्या नावातच कासार आहे, तर उदाहरणही काशाच्या वाटीचे घेऊ. टिचकी मारा, आवाज निघतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. बोट टेकवा, बंद! पियानोची पट्टी दाबली की नमदा गुंडाळलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. पुढे तो सूर फुगवता येत नाही, की दुसऱ्या सुरावर घसरत नेता येत नाही. पट्टी सोडली की डॅम्पर त्या बोटासारखा तारेवर बसतो. मग गाणे येते कुठून?

डावा हात तीन-तीनच्या चार गटांत १२ मात्रा अखंड चालवतो: एक खर्ज, मग वरचे दोन स्वरसमूह. उजव्या पायाखालचे पेडल डॅम्पर उचलून धरते, म्हणून खर्ज घुमत राहतो. शिवाय पियानोवर प्रत्येक बोटाचा जोर वेगळा ठेवता येतो (पेटीत भाता सगळ्यांना एकच!). चाल ठसठशीत, साथ हळू. विरत्या सुराखाली साथ हलत राहते आणि सूर अजून चालूच आहे असे वाटते. कान फसतो, राव!

पेटीवर करून बघा. काळी दोनचा सा धरा, खालच्या पंचमावरून थेट गंधारावर उडी मारा आणि थांबा. झाली सुरुवात. पुढे हा मुखडा दर वेळी नव्या हरकती घेऊन येतो, बुवा पालुपदावर परततात तसा. शोपाँ शिष्यांना गायक ऐकायला सांगायचा. डाव्या हाताने लय सांभाळायची, उजव्याने थोडे मागेपुढे व्हायचे, हीही त्याचीच शिकवण. ठेका आणि गायक, दुसरे काय? काही वादक भावनेच्या भरात डावा हातही रेंगाळत नेतात. मला ते अजिबात झेपत नाही.

शेवटाजवळ ताल सोडून बारीक सुरांची एक लड येते आणि मग सगळे अगदी हळू होत जाते. ऐकताना पंखा बंद करा, नाहीतर तेवढेच नेमके हुकते.