गडद अंड्याची कोंबडी आणि उपनगरातील घर

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, अंड्यांच्या दुकानात पांढऱ्या अंड्यांच्या ट्रेशेजारी तपकिरी अंड्यांची टोपली ठेवलेली असते आणि ‘गावठी’ या एका शब्दावर तिचा भाव चढलेला असतो. कवच जितके गडद, तितके अंडे पौष्टिक आणि तितकी कोंबडी मोकळी वाढलेली, असा समज ग्राहकांत खोलवर रुजलेला आहे. परंतु कवचाचा रंग हा कोंबडीच्या जातीचा वारसा असतो, अंड्यातील प्रथिने, स्निग्धांश आणि जीवनसत्त्वे मात्र तिचे खाद्य, वय आणि प्रकृती यांवर ठरतात. गडद अंडे देणारी कोंबडी निवडू पाहणाऱ्या कुटुंबाने हा भेद प्रथम समजून घेतला, तर पुढील बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

बीजांडकोशातून बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे 20 तास ते कवचग्रंथीत, म्हणजे ज्या पिशवीसारख्या भागात चुन्याचे कवच चढते तिथे, घालवते. प्रत्येक कोंबडीचे कवच मुळात पांढरे कॅल्शियम कार्बोनेटच असते. तपकिरी अंड्याच्या जातींत या ग्रंथीच्या पेशी प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. रक्तातील हीम हा घटक ज्या साखळीतून बनतो, तिच्यातीलच हा एक दुवा आहे. यातील बराचसा भाग शेवटच्या काही तासांत, भिंतीवर रंगाचा अखेरचा हात फिरावा तसा, कवचाच्या बाहेरच्या थरांवर बसतो. म्हणूनच तपकिरी अंडे फोडल्यावर कवचाची आतली बाजू पांढरी दिसते. दक्षिण अमेरिकेतील अराउकाना या जातीच्या निळसर अंड्यांचा रंग बिलिव्हर्डिन या वेगळ्या द्रव्याचा असतो आणि तो कवचाच्या आरपार भिनलेला असतो.

ही माहिती ग्राहकालाही उपयोगी आहे, कारण पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून गावठी म्हणून विकल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी झालेल्या आहेत. प्रोटोपॉर्फिरिन अतिनील प्रकाशाखाली लालसर चमकते. नोटा तपासण्याच्या लहान दिव्याखाली अंधाऱ्या खोलीत अंडे धरले, तर नैसर्गिक तपकिरी कवचावर ही लाली दिसते, नुसत्या चहाने रंगवलेल्या कवचावर मात्र ती उमटत नाही. अर्थात या कसोटीतून कोंबडीची जात तेवढी सूचित होते, तिचे संगोपन कसे झाले ते नव्हे. पिंजऱ्यात वाढवलेली व्यापारी तपकिरी कोंबडीही याच परीक्षेत उत्तीर्ण होते.

जगात सर्वांत गडद अंड्यांसाठी ज्या जाती नावाजल्या जातात, त्या बहुतेक युरोपातल्या आहेत. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील मारान्स गावाच्या नावाची जात जवळजवळ चॉकलेटी अंडे देते, नेदरलँड्समधील बार्नेवेल्ड आणि वेल्सुम या गावांनी बार्नेवेल्डर आणि वेल्सुमर या जाती दिल्या, आणि स्पेनमधील कातालोनियाची पेनेदेसेन्का हीदेखील याच पंक्तीत बसते. यांतील मारान्स आणि बार्नेवेल्डर यांच्या रक्तात चीनमधून 1872 मध्ये इंग्लंडला पोहोचलेल्या लांगशान या जातीचा अंश आहे. तांबड्या कानपाळीची कोंबडी तपकिरी अंडे देते आणि पांढऱ्या कानपाळीची पांढरे, हा पाळणाऱ्यांचा ठोकताळा बऱ्याच जातींना लागू पडतो. पेनेदेसेन्का मात्र पांढरी कानपाळी मिरवत गडद अंडी देते आणि तो मोडून काढते.

तथापि या जातींचे चित्र पाहून मोहित झालेल्या कुटुंबाने मुंबईचे हवामान विसरू नये. मारान्स ही भारी अंगाची, दाट पिसांची आणि फ्रेंच वाणात पायांवरही पिसे असलेली कोंबडी आहे. चार महिन्यांच्या पावसाळ्यात चिखलाने माखलेली ओली पिसे तिच्या पायांना त्रास देतात, आणि एप्रिल-मे महिन्यांच्या दमट उकाड्यात तिची धाप थांबत नाही. कोंबडीला घाम येत नसल्यामुळे ती तोंड उघडून श्वास टाकते. त्या धापेने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचासाठी लागणारे बायकार्बोनेट कमी पडते आणि अंडी पातळ कवचाची होतात. शिवाय अशा जाती वर्षाला दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास अंडी देतात, तर पांढरे अंडे देणारी व्यापारी लेगहॉर्न कोंबडी तीनशेच्या पुढे जाते. केवळ रंगासाठी थंड प्रदेशातील जीव या हवेत आणणे योग्य नव्हे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

उपनगरवासीयांच्या सुदैवाने चांगला सल्ला आणि खात्रीची पिल्ले यांसाठी दूर जाण्याची गरज नाही. गोरेगावच्या आरे वसाहतीत, जी 1949 मध्ये दुग्धवसाहत म्हणून उभी राहिली, केंद्र सरकारच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. परळला 1886 मध्ये सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा गोरेगावचा परिसरही याच वसाहतीत आहे. भारतीय हवेत टिकणाऱ्या तपकिरी अंड्याच्या कोंबड्यांत ऱ्होड आयलंड रेड या अमेरिकी जातीचे स्थान मोठे आहे. गडद तांबूस पिसांची ही कोंबडी काटक असून नीट सांभाळल्यास वर्षाला दोनशेहून अधिक अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी विकसित केलेली ग्रामप्रिया ही तपकिरी अंड्यांसाठीच आहे आणि तिचे उत्पादनही दोनशेच्या घरात जाते, तर त्याच संस्थेची वनराजा अंडी आणि मांस या दोन्हींसाठी असल्याने अंडी तुलनेने कमी देते. या सर्वांची अंडी मध्यम तपकिरी असतात. मारान्सची चॉकलेटी छटा यांतून मिळणार नाही.

कडकनाथविषयी येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण गडद अंड्याच्या शोधातील अनेक कुटुंबे प्रथम तिच्याकडेच वळतात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील या जातीची कातडी, मांस आणि हाडांवरील आवरण काळे असते. झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हा काळेपणा मेलॅनिनचा आहे आणि कवचाच्या रंगद्रव्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे कडकनाथचे अंडे फिकट, किंचित गुलाबी झाक असलेले निघते, आणि वर्षाकाठी ती शंभरीच्या आतच राहते. काळे अंडे म्हणून कोणी काही विकत असेल, तर तेथून परत फिरावे.

जातीचा निर्णय अखेर घरावर येऊन थांबतो. मरोळ, वेसावे, गोराई आणि मनोरीच्या गावठाणांत व कोळीवाड्यांत, तसेच आरेतील वारली पाड्यांवर, अंगणातील खुराडे ही जुनी आणि सहज गोष्ट आहे. संकुलातील सदनिकेत मात्र ती शेजाऱ्यांच्या संमतीची बाब ठरते. गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाचे नियम आधी विचारून घ्यावेत. बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडमधील अनेक इमारतींत शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनच हा प्रश्न मांडावा. अंडी मिळण्यासाठी नर कोंबड्याची गरज नसते, तो फक्त अंडी फलित होण्यासाठी लागतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल असताना पहाटे आरवणारा नर न ठेवणे हेच शहाणपणाचे. कोंबडी कळपात रमणारी असल्याने एकटी ठेवू नये, निदान तीन असाव्यात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, बोरिवली वा मुलुंडच्या वस्त्यांत, मुंगूस आणि बिबट्या या दोघांचाही विचार करून खुराडे मजबूत जाळीचे करावे.

घरात लहान मुले आणि वृद्ध असतील, तर अंड्याच्या छटेपेक्षा कोंबडीचा स्वभाव महत्त्वाचा. झुंजीसाठी घडवलेली असील जात चार-पाच वर्षांच्या मुलाच्या सोबतीला नको, आणि कडकनाथ बुजरी असते. माणसांची ये-जा सोसणारी, हातातून दाणे टिपणारी शांत कोंबडी घराला अधिक मानवते, आणि असा स्वभाव जातीइतकाच पिल्लूपणापासूनच्या हाताळणीने येतो. मुलांनी कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त मात्र कठोरपणे पाळली पाहिजे, कारण साल्मोनेला हे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगावरही असतात. नवापूरला 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली. तेव्हापासून अचानक होणाऱ्या मरतुकीची खबर पशुसंवर्धन विभागाला तातडीने देणे हे प्रत्येक पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.

कुटुंबाचे वर्ष आणि कोंबडीचे वर्ष जुळतेच असे नाही. श्रावणात अनेक मराठी घरांत मांसाहाराबरोबर अंडेही बंद होते, कोंबडी मात्र घालत राहते, तेव्हा ती अंडी कोणाला द्यायची याची योजना आधीच असावी. गणपतीला आणि मे महिन्यात सारे घर कोकणात जात असेल, तर मागे दाणापाणी कोण पाहणार, हा प्रश्न पिल्ले आणण्याआधी सोडवावा, तो नंतरसाठी ठेवू नये. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला सुमारे 14 ते 16 तासांचा प्रकाश लागतो. मुंबईतला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यातला अकरा तासांचा असतो, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास अंडी कमी होऊ लागली तर तो आजार समजू नये.

खाद्याच्या बाबतीत कोळी स्वयंपाकघराला एक चांगली सोय उपलब्ध आहे. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, भरड कुटून वेगळ्या भांड्यात ठेवले, तर त्यांचे मोठे कण पोटात सावकाश विरघळून रात्री कवच चढण्याच्या वेळी कॅल्शियम पुरवतात. झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीनमुळे बलक अधिक पिवळा होतो, कवचावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. सणानंतर उरलेली झेंडूची फुले अंगणातली असतील तरच घालावीत, बाजारातील फुलांवर कीटकनाशके असण्याचा धोका असतो.

गडद अंड्याची आवड धरणाऱ्याने त्याच्या फिकेपणाचीही तयारी ठेवावी. हंगामातील पहिली अंडी सर्वांत गडद असतात, पुढे अंडे मोठे होत जाते आणि तेवढेच रंगद्रव्य अधिक पृष्ठभागावर पसरते. उष्णता, भीती आणि श्वसनाचे आजार यांनीही रंग उतरतो, आणि पिसे झडून नवी आल्यानंतर तो काही काळ परततो. कवचावर एक सूक्ष्म संरक्षक लेप असतो आणि गडद जातींत रंगाचा काही अंश त्यातच असल्याने, अंडी साठवण्यापूर्वी धुऊ नयेत, मळ असल्यास कोरड्या कापडाने हलके पुसावे. दुसऱ्या वर्षानंतर अंडी दरवर्षी घटतात, पण कोंबडी सहा ते आठ वर्षे सहज जगते. तोवर मुलांनी तिला नाव दिलेले असते. अंडी थांबलेल्या कोंबडीला घरात जागा आहे की नाही, याचे उत्तर घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून पिल्ले आणण्यापूर्वी ठरवावे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तिचे पुढे काय होणार हेही मुलांना तेव्हाच सांगावे.