नाका काम देतो, साक्ष देत नाही

नवी मुंबईत नव्याने आलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो पत्त्याने. गावाकडे घर सांगायचे तर पिंपळ, पाणवठा, शाळा, वेस अशा खुणा असतात. इथे नुसते आकडे. सेक्टर १० वाशीत आहे आणि नेरूळलाही आहे. रिक्षावाल्याला नुसते 'सेक्टर दहा' म्हटले तर तो विचारतो, "कुठला?" म्हणून आधी ठिकाणाचे नाव, मग सेक्टर, मग प्लॉट, हा क्रम पहिल्याच दिवशी पाठ करावा लागतो.

हे शहर आधी कागदावर आखले गेले आणि मग उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे खाडीच्या पलीकडे तेव्हा भातशेती, मिठागरे आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. आजही आखीव सेक्टरांच्या मधोमध जुहूगाव, शिरवणे, करावे, दिवाळे ही मूळ गावे उभी आहेत. रुंद रस्ता संपून अचानक अरुंद गल्ली लागली, दाराशी सुकट वाळताना दिसली, की समजावे आपण गावठाणात आलो. येथील आगरी-कोळी शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. त्यात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. ज्या रस्त्यावर आपण पोट भरायला उभे राहतो, तो कुणाच्या तरी शेतातून गेला आहे, याची जाणीव नव्या माणसाने ठेवली पाहिजे.

गावठाणात किंवा झोपडपट्टीत भाड्याची खोली मिळाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी पाय वळतात ते नाक्याकडे. नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली अशा प्रत्येक वसाहतीत सकाळी माणसांची गर्दी जमणारी एखादी जागा असते. मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून, उत्तरेतून आलेली माणसे तेथे उभी असतात. कुणी कुणाला ओळख सांगत नाही, हातातली वस्तूच ओळख सांगते. थापी आणि ओळंबा असेल तर गवंडी, ब्रश आणि पत्र्याची पट्टी असेल तर रंगारी, करवत असेल तर सुतार. ज्याच्या हातात फक्त जेवणाचा डबा, तो बिगारी. नवरा-बायको मिळून कामाला जात असतील तर त्यांना नाक्यावर 'जोडी' म्हणतात.

मोटारसायकलवरून ठेकेदार येतो. चार-पाच जण त्याच्याभोवती गोळा होतात. दर ठरतो, माणसे मागे बसतात, निघून जातात. सगळा व्यवहार पाच मिनिटांचा. लवकर येणाऱ्याला बोलण्याची ताकद असते. ऊन चढू लागले की दर उतरू लागतो, कारण घरी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा चार पैसे कमी घेतलेले बरे, असे माणसाला वाटू लागते. बाईला तर त्याच घमेल्याचे, त्याच मजल्यांचे पैसे पुरुषापेक्षा कमी सांगितले जातात. समान कामाला समान वेतन द्यावे, हा कायदा देशात १९७६ साली झाला, पण नाक्यावर तो कुणाला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवते. येथे आधी विचारतात, "काय काम येतं?" आडनाव नंतर, किंवा मुळीच नाही. टपरीवरचा कटिंग चहा सगळ्यांना एकाच ग्लासात मिळतो, वडापावच्या गाडीवर कोण कुणाच्या शेजारी उभा आहे हे कुणी पाहत नाही. खेड्याला आदर्श मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत रोखठोक उत्तर दिले होते. त्यामागचे कारण गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला या रस्त्यावर उभे राहिल्यावर अंगाने कळते. अर्थात शहराचेही सगळे चांगलेच आहे असे नाही. खोली शोधायला निघालात की तेच आडनाव पुन्हा विचारले जाते. रस्त्यावर मिळालेली मोकळीक उंबऱ्यापाशी अडते.

आणि रस्त्याची मोकळीकही अपुरीच असते. नाका नाव विचारत नाही, तसा तो नाव लक्षातही ठेवत नाही. कुणी कुणाला कुठे नेले, किती दिवस राबवले, पैसे दिले की बुडवले, याची नोंद नाक्यावर कुठेही नसते. परातीवरून पडून कुणाचा पाय मोडला, तर हा माणूस माझ्या कामावर होता, असे सांगायला ठेकेदार पुढे येईलच याची खात्री नाही.

याच शहरात याच्या उलट चित्रही पाहायला मिळते. तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार पाहा. ओझे तितकेच, घाम तितकाच. पण तो नोंदलेल्या टोळीतला असतो. मालक त्याची मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला पगार देते आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी सांभाळते. हे आपोआप झाले नाही. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी विखुरलेले हमाल एकत्र केले, म्हणून १९६९ चा माथाडी कायदा आला. माथाडी आणि नाका कामगार यांच्यात फरक ताकदीचा नाही, नोंदीचा आहे.

बांधकाम मजुरांसाठीही देशात १९९६ मध्ये कायदा झाला आणि महाराष्ट्रात २०११ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. वय १८ ते ६० असलेल्या आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, आजारपण, अपघात यांसाठी मंडळाच्या योजना आहेत. अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. रोज नवा ठेकेदार असलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? म्हणून पुष्कळ जण अर्जाच्या वाटेला जात नाहीत, किंवा दलालाच्या हाती पैसे देऊन बसतात.

यावर घरातल्या घरात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. शंभर पानी एक वही घ्यावी. रोज संध्याकाळी त्यात एक ओळ लिहावी : तारीख, कामाचे ठिकाण, सेक्टर आणि प्लॉट, ठेकेदाराचे नाव व फोन, ठरलेली मजुरी, मिळालेली मजुरी. सोबत काम करणाऱ्या एकाचे नावही लिहावे. आईवडिलांना लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावे. काम एकाच ठिकाणी आठ-पंधरा दिवस चालले तर ते संपण्याआधीच दाखल्याचा विषय काढावा, कारण काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही. वही म्हणजे दाखला नव्हे. पण मजुरी बुडाली तर तक्रार करताना, दाखला मागताना, तारीखवार बोलणाऱ्या माणसाला उडवून लावणे कठीण जाते.

गावाहून आलेल्या नातेवाइकाला आपण स्टेशन दाखवतो, नाका दाखवतो, स्वस्त भाजी कुठे मिळते ते सांगतो. त्याच दिवशी त्याच्या हातात ही वहीसुद्धा द्यावी.