रांजणवाडी : दुखणे लहान, पण हयगय नको

मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणाऱ्या धुळीने दिल्ली, नोएडा, गुरुग्रामचे आकाश भुरकट होते. डोळे चुरचुरतात आणि नकळत चोळले जातात. मग एखाद्या सकाळी पापणीच्या कडेवर लाल, ठणकणारी पुळी दिसते. मराठी घरात तिला रांजणवाडी म्हणतात, शेजारच्या हिंदी भाषक घरात गुहेरी. लवंग उगाळून लावण्याचा सल्ला मात्र दोन्हीकडे मिळतो. तो पाळू नका, डोळ्याची आग होईल.

का होते?

पापणीच्या कडेला तेलकट स्राव पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचे तोंड बुजले आणि आत जीवाणू वाढले की पू धरतो. बहुतेक वेळा हे जीवाणू स्टॅफिलोकोकस जातीचे असतात. ते एरवीही आपल्या त्वचेवर आणि नाकात असतात. मळक्या हातांनी डोळे चोळले की ते पापणीपर्यंत पोहोचतात. रात्री न पुसलेला मेकअप, घरात सर्वांची मिळून एकच काजळाची डबी किंवा एकच टॉवेल, यांमुळेही धोका वाढतो.

शेक हाच उपाय

हात धुऊन स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. १० ते १५ मिनिटे, दिवसातून ३-४ वेळा असा शेक घ्या. ग्रंथीचे तोंड मोकळे होऊन पू आपोआप वाहून जातो. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत रांजणवाडी बरी होते. तोपर्यंत काजळ व कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा.

पुळी दाबून फोडू नका, संसर्ग पसरतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते बरेच दिवस वापरले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जाल?

पूर्ण पापणी सुजली, ताप आला, अंधुक दिसू लागले किंवा डोळा फिरवताना दुखले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मुलांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नका. दोन-तीन दिवस शेकूनही दुखणे वाढतच असेल तरी दाखवा. दिल्लीत एम्सचे डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ पासून आहे, पण या दुखण्याला जवळचे नेत्रतज्ज्ञही पुरेसे आहेत.

रांजणवाडी वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासा. वयस्कर व्यक्तीला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल तर ती रांजणवाडीच आहे असे गृहीत धरू नका. क्वचित तो पापणीचा कर्करोगही असतो आणि वेळीच कळला तर त्यावर उपचार होतात.