खाऱ्या पाण्याचा तलाव आणि क्लोरीन-जनित्र

पोहण्याच्या तलावाचे पाणी निर्मळ दिसले, तरी ते निर्जंतुक असतेच असे नाही. पोहणाऱ्यांच्या अंगावरून जंतू पाण्यात उतरतात आणि ते पाणी गिळले गेल्यास एकाचा रोग दुसऱ्यास जडतो. म्हणून तलावात जंतुनाशक द्रव्य सतत असावे लागते. शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली प्रथम मिळविलेला आणि डेव्हीने १८१० साली मूलद्रव्य म्हणून ओळखलेला क्लोरीन वायू या कामी फार उपयोगी पडतो. परंतु तो विषारी असल्याने त्याचा साठा करणे धोक्याचे असते. साध्या मिठापासून तो तलावाजवळच, लागेल तेवढाच तयार करणे, हे क्लोरीन-जनित्राचे कार्य होय.

तलावाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३ ते ४ ग्रॅम मीठ विरघळवितात. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे ३५ ग्रॅम असते. ५०,००० लिटरच्या तलावास प्रारंभी १५० ते २०० किलोग्रॅम मीठ लागते. गाळणीतून आलेले पाणी जनित्राच्या घटातील पट्ट्यांमधून वाहते व त्यांतून एकदिश विद्युत्प्रवाह सोडला जातो. धनाग्रापाशी क्लोरीन, तर ऋणाग्रापाशी हायड्रोजन व दाहक सोडा निर्माण होतात. क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनते. जंतूंचा नाश मुख्यतः तेच करते. आपले कार्य संपताच क्लोरीन पुन्हा क्लोराइडच्या रूपात पाण्यात राहतो. त्यामुळे मीठ या क्रियेत खर्च होत नाही. बाष्पीभवनानेही ते घटत नाही. मात्र पाणी बाहेर उडाल्याने किंवा गाळणी धुताना ते कमी होते.

घटातील पट्ट्या टायटॅनियम धातूच्या असून त्यांवर रुथेनियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. फॅरडेच्या नियमानुसार पट्ट्यांच्या एका जोडीतून १ अँपिअर प्रवाह तासभर वाहिल्यास सुमारे १.३ ग्रॅम क्लोरीन मिळतो. ५०,००० लिटर पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढविण्यास ५० ग्रॅम लागतो. यावरून जनित्र किती तास चालवावे, याचा अंदाज करता येतो. सूर्यप्रकाशाने क्लोरीन लवकर नष्ट होतो. म्हणून उघड्या तलावात सायन्युरिक आम्ल अल्प प्रमाणात घालतात.

मुक्त क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. या पद्धतीत सामू वाढत जाण्याची प्रवृत्ती असते आणि सामू वाढला की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते. म्हणून वेळोवेळी मोजून थोडे आम्ल घालावे लागते. मीठ फार कमी झाल्यास जनित्राचे उत्पादन घटते व पट्ट्यांवरील थर लवकर झिजतो.

पाणी जड असल्यास ऋणाग्रावर चुन्याचे पांढरे कीट बसते. अनेक जनित्रांत प्रवाहाची दिशा ठराविक काळाने उलटून ते पाडले जाते. तरीही घट अधूनमधून उघडून पाहावा. कीट आढळल्यास वीज प्रथम बंद करावी, घट काढून मोकळ्या हवेत न्यावा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणात, बुडबुडे थांबेपर्यंत, ठेवावा. द्रावण करताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कदापि घालू नये. हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. धातूच्या सुरीने पट्ट्या खरवडल्यास वरचा थरच निघून जातो. हे आम्ल क्लोरीनयुक्त भुकटीशी किंवा द्रावणाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे कधीही विसरू नये.

आणखी एक धोका सहसा डोळ्यांना दिसत नाही. पंप थांबूनही वीज चालू राहिली, तर बंद घटात हायड्रोजन साचतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. यासाठीच पाण्याचा प्रवाह थांबताच वीज तोडणारी कळ घटाजवळ बसविलेली असते. ती नीट चालते की नाही हे नियमितपणे तपासावे. अडचण होते म्हणून ती निकामी करून ठेवणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय.

तलाव रिकामा करताना खारे पाणी बागेत किंवा शेतात सोडू नये. त्याने जमीन नापीक होते. यंत्र क्लोरीन निर्माण करते, परंतु तो पुरेसा आहे की नाही, हे पाहण्याचे काम माणसाचेच आहे. रोज पाण्याची परीक्षा करणारा दक्ष रक्षक असेल, तरच मुलांनी त्या तलावात निश्चिंतपणे उडी घ्यावी.