शेजाऱ्याचा सण

1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकण, सातारा, उत्तर हिंदुस्थान अशा दूरदूरच्या प्रदेशांतून माणसे पोटापाण्यासाठी परळ-लालबागला आली. त्यांच्याबरोबर त्यांचे देव आणि सणही आले. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. दादरला पारशी वसाहत आहे, पोर्तुगीज चर्च आहे आणि समुद्रकाठी चैत्यभूमीही आहे.

अशा ठिकाणी चाळीच्या दाराशी असलेल्या फळ्यावर सणाचा शुभसंदेश लिहिणे दिसते तितके सोपे नाही. हे काम बहुधा सुंदर हस्ताक्षराच्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. परंतु केवळ अक्षर सुंदर असून भागत नाही. तो फळा नाना धर्मांची व भाषांची माणसे वाचतात. त्यांपैकी कोणाचेही मन दुखावू नये, ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते.

प्रथम त्या दिवसाचा अर्थ समजून घ्यावा. प्रत्येक विशेष दिवस आनंदाचा असतोच असे नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी शिया मुसलमान इमाम हुसेन यांच्या बलिदानाचा शोक करतात. गुड फ्रायडेला ख्रिस्ती लोक येशूच्या मृत्यूचे स्मरण करतात. 6 डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाणदिन होय. या दिवशी ‘शुभेच्छा’ शोभत नाहीत. ‘अभिवादन’ किंवा ‘स्मरण’ हेच शब्द योग्य ठरतात.

दुसरे असे की, ज्याचा सण त्याचा शब्द वापरावा. ईदला ‘ईद मुबारक’ म्हणावे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला मराठी घरी पाडवा असतो. गुजराती घरी त्याच सुमारास नवे वर्ष सुरू होते व तेथे ‘साल मुबारक’ म्हणतात. मुंबईतील बहुतेक पारशी कुटुंबांचे नववर्ष ऑगस्टमध्ये येते. श्वेतांबर जैन संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून वर्षभरातील अपराधांची क्षमा मागतात. त्यांना अभिनंदन न करता आपणही नम्रपणे तेच शब्द म्हणावेत.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी लिहावयाच्या संदेशाची. “आज आपण सर्वजण लक्ष्मीपूजन करणार आहोत,” असे लिहिले, तर ज्यांच्या घरी ती पूजा नसते ते मनातून दूर जातात. त्याऐवजी, “दीपावलीनिमित्त आपल्या चाळीतील प्रत्येक कुटुंबाला सुख व आरोग्य लाभो,” असे लिहावे. त्यामुळे सणाचे नाव राहते आणि कोणी वगळलाही जात नाही.

एखाद्या घरी वर्षभरात मृत्यू घडला असेल, तर तेथे सण साजरा होत नाही. अशा घरी पाठवलेले आनंदाचे शब्द काट्यासारखे बोचतात. “आम्हांला तुमची आठवण आहे,” एवढी एकच ओळ तेथे पुरेशी होते.

कोणता शब्द योग्य, हे ठाऊक नसेल तर शेजाऱ्यालाच विचारावे. त्यात कमीपणा नाही. विचारणाऱ्याला एक नवा शब्द मिळतो आणि सांगणाऱ्याला, आपण येथे परके नाही, याची खूण पटते.