मुरलेल्या सिस्टरांची किळस

रक्ताची भीती शिकाऊपणातच जाते. कफाची किळस मात्र काहींची निवृत्तीपर्यंत जात नाही. आमच्या बॅचमधली एकजण जळिताच्या वॉर्डात निर्धास्त वावरायची, पण कवळी धुवायची म्हटलं की तिच्या पोटात ढवळायचं. दुसरीला कफ ओढणाऱ्या सक्शनची खरखर सोसत नसे. मला उपटून आलेलं नख आजही बघवत नाही. यावर आमचा तोडगा अदलाबदलीचा. "तू कफ बघ, तुझं ड्रेसिंग मी करते," एवढ्यावर ड्यूटी निभायची. मेट्रनबाई कानाडोळा करायच्या.

1980 च्या दशकात घाण अक्षरशः हाताला लागायची. रबरी मोजे धुऊन, वाळवून, भोकं तपासून, पावडर लावून पुन्हा वापरात यायचे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या. साध्यासुध्या कामाला मोजे मिळतीलच असं नसायचं. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली प्रकरणं उघड झाली आणि किळशीत धास्तीची भर पडली. त्या धास्तीनेच पुढे मोजे आणि एकदाच वापरायच्या सुया अंगवळणी पडल्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 मध्ये आले, तसे पुवाने भरलेले बोळे उघड्या बादलीतून रंगीत पिशव्यांत गेले.

हात झाकले, नाक उघडंच राहिलं. पोटातल्या रक्तस्रावाने होणारी डांबरासारखी काळी शौच किंवा मधुमेह्याचा सडलेला पाय वॉर्डाच्या दारातच कळतो. मास्कला निलगिरीचा थेंब लावायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि कामाला लागायचं. जखमेत टर्पेंटाइन घालून चिमट्याने एकेक अळी काढताना चेहरा कोरा ठेवणं सर्वांत अवघड, कारण रुग्णाची नजर आमच्या चेहऱ्यावरच खिळलेली असते. 2020 मध्ये कोविडमुळे पीपीई किट आलं आणि तो चेहराही झाकला गेला. पण रुग्णाला धीर देणारं हसूही त्याच्याआड गेलं.

कफ, शौच, अळ्या यांच्याशी जमवून घेता आलं. बेडसोरशी कधीच जमलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवावं आणि माकडहाडापाशी मूठ जाईल एवढा खड्डा दिसावा, तेव्हा किळशीआधी संताप येतो, कारण यातले बहुतेक बेडसोर टाळता येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. तोवर इतकी वर्षं खाटेवर असूनही त्यांना बेडसोर झाला नव्हता, याची सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात दखल घेतली. तिथे भारी यंत्र नव्हतं. वेळच्या वेळी कूस बदलणारे हात होते.

म्हणून घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर दर दोन तासांनी कूस बदला, चादर ओली राहू देऊ नका, टाचा आणि माकडहाड रोज बघा. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरला दाखवा.