संशोधनवृत्ति आणि भीमथडींतील मोडी खतें

वरवंड हें गांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर आहे. आषाढीच्या वारींत तुकोबांची पालखी यवताहून निघून येथें मुक्कामास येते, एवढीच त्याची ओळख बहुतेकांस असते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हा टापू दुसऱ्या एका कारणानें महत्त्वाचा वाटावा. येथून थोड्याच कोसांवर सुपें आहे. तें त्या काळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. १२ मे १८७५ रोजीं तेथील बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून कर्जाच्या खतांवर होता. हातीं लागलीं तेवढीं खतें त्यांनीं जाळलीं. पुढें सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला आणि गांवनिबंधकासमक्ष खत करून देण्याची पद्धत पडली. त्यापूर्वींचा व्यवहार खाजगी कागदांत, आणि तो मोडींत. सरकारी इंग्रजी अहवालांच्या आधारें या उठावावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रत्यक्ष खत वाचून लिहिलेलें त्या मानानें फार थोडें.

हीं खतें वाचावयाचीं कोणीं? ज्याच्या पणज्याचा अंगठा त्यांवर उठलेला असेल अशा वरवंडच्या किंवा सुप्याच्या एखाद्या तरुणानें वाचलीं तर शेतांचीं नांवें, मापें व नातीं त्याला परक्या अभ्यासकापेक्षां लौकर उलगडतील. परंतु तीन-चार वर्षें कागद वाचीत बसणाऱ्याच्या योगक्षेमाची सोय काय, हा प्रश्न लागलाच पुढें येतो. संग्राहक मंडळींस तो आपला वाटत नाहीं; प्रस्तुत लेखकाच्या मतें तो त्यांचाच आहे.

विद्येच्या पोटापाण्याची सोय पुण्यास पूर्वींही होती. श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा तळेगांवच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आली. इंग्रजी अमलांत तिचा संकोच झाला, तरी त्याच पैशांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी व त्यांच्या पक्षानें अर्ज करून या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवावा अशी मागणी केली. त्यावरून पुण्यांत केवढा गहजब झाला हें सर्वांस ठाऊक आहे. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि फुल्यांच्या मुलींच्या शाळांनाही या फंडाचें साहाय्य मिळालें.

बक्षीस हें ग्रंथ पुरा झाल्यावर मिळे. तोंपर्यंत लेखकानें काय खावें याचा विचार त्यांत नव्हता. ती उणीव दक्षिणा फेलोशिपनें भरून काढली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे असे फेलो होते. विद्याखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या सूचनेवरून त्यांनीं संस्कृताचा अभ्यास हातीं घेतला, तो याच काळांत. वृत्ति मिळाली म्हणून एक मनुष्य नवी विद्या शिकूं शकला, यांतच या पद्धतीचें मर्म आहे.

आजची व्यवस्था त्याच जातीची, पण फार विस्तारलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ति ‘नेट’ परीक्षेंतून मिळते. जानेवारी १९२३ नव्हे, २०२३ पासून (शतकाची ही चूक आम्हां जुनें लिहिणारांच्या हातून वारंवार होते!) पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व नंतर प्रगति समाधानकारक असल्यास ४२,००० रुपये, अशी मिळून पांच वर्षेंपर्यंत. किरकोळ खर्चास मानव्यविद्यांत पहिलीं दोन वर्षें सालीना १०,००० रुपये. राज्य सरकारच्या संस्थांपैकीं पुण्याची ‘बार्टी’ अनुसूचित जातींच्या, २०१८ सालीं निघालेली ‘सारथी’ मराठा-कुणबी समाजाच्या, आणि २०१९ सालची नागपूरची ‘महाज्योति’ इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांच्या संशोधकांस वृत्ति देते. या संस्थांवर आंबेडकर, शाहू व फुले यांचीं नांवें आहेत. जी दक्षिणा एका वर्णापुरती होती तिच्या शहरांतून हें व्हावें, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. जागा व अटी मात्र दरवर्षींच्या जाहिरातीवर अवलंबून असतात. दिल्लीस भारतीय इतिहास अनुसंधान परिषद (स्थापना १९७२) आहे, ती पीएच्. डी. करणारांस व झालेल्यांसही साहाय्य करते.

आतां अडचण सांगतों. ‘नेट’मध्यें इतिहास व पुरातत्त्व हे विषय आहेत, मोडीची स्वतंत्र परीक्षा नाहीं. वृत्ति चालू होते ती विद्यापीठांत नोंदणी झाल्यावर, आणि नोंदणीच्या वेळीं विषयाचा आराखडा द्यावा लागतो. साधनें कोठें आहेत, किती आहेत, तीं पाहावयास मिळतील कीं नाहीं, हें त्यांत दाखवावें लागतें. म्हणजे मोडी शिकणें व कागदांचा माग काढणें हीं दोन कामें बिनवेतनी झालीं. पुराभिलेखागार व भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग चालवितात, त्यांमुळें पहिलें काम कांहीं सुकर होतें. दुसऱ्याचा उपाय सरकारापाशीं नाहीं. शिक्षण पुरें झालें नाहीं तोंच मुलगा सुरक्षित विषय निवडतो, म्हणजे छापील ग्रंथांवरून छापील ग्रंथ.

बाहेरचे विद्वान् येथें पोचले ते अशी सोय पाठीशीं असल्यामुळेंच. हिरोशी फुकाझावा या जपानी पंडितानें दख्खनच्या गांवांची व वतनांची चिकित्सा केली. त्यांचे निबंध १९९१ सालीं ग्रंथरूपानें आले. आपल्याकडेही डेक्कन कॉलेजांत वि. त्र्यं. गुणे यांनीं महजर व निवाडे वाचून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर प्रबंध लिहिला, तो १९५३ सालीं छापला गेला. गांवच्या कागदांवर पदवी मिळते याविषयीं शंका नको.

संग्राहकानें करावयाचें काम लहान आहे. रुमाल सोडावा, प्रत्येक कागदास अंक द्यावा, आणि वहींत कागदाचा प्रकार (खत, कतबा, महजर, ताकीद, हिशेब), गांव, शक वा फसली सन, धनको-ऋणकोंचीं नांवें व बंद किती, एवढेंच टिपावें. वाचतां येत नसेल तर सन व गांव पुरे. मूळ कागद हातांतून सोडण्याची भीति सार्थ आहे. यादीची नक्कल व दहा-पांच कागदांचीं छायाचित्रें देण्यास कांहीं हरकत नसावी. अशी यादी ज्याच्या हातीं पडेल त्याचा आराखडा पोकळ राहणार नाहीं. देणगीपेक्षां ही यादी आज अधिक उपयोगाची, असें आमचें मत आहे.

पदवीनंतरचा काळ याहून बिकट. नोकरी नाहीं व वृत्तिही संपलेली. तेव्हां लंडनमधील मराठी हस्तलिखितें पाहावयाचीं असल्यास चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टकडून अल्प मुदतीचें साहाय्य मागतां येतें. तेथील इंडिया ऑफिसच्या मराठी पोथ्यांची ब्लमहार्ट व कान्हेरे यांनीं केलेली सूचि १९५० सालींच प्रसिद्ध झाली आहे. लंडनच्या पोथ्यांस सूचि आहे म्हणून तेथें जाण्याचा अर्ज नीट लिहितां येतो. वरवंड-सुप्याच्या खतांस ती नाहीं. ‘नेट’ परीक्षा जून व डिसेंबर अशी वर्षांतून दोनदां होते. वही त्यापूर्वीं तयार असावी.